डोमाने बटन दाबलं होतं

एकोडी, ता. साकोली
२४ नोव्हेंबर २०२४

चि. मेघा,

अनेक आशीर्वाद. तू पुण्याला गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी गावची मंडई, आपली दिवाळीनंतरची जत्रा, भरली. एक दिवस थांबली असतीस तर तुझ्या कंपनीचं काय बुडालं असतं, ते तुलाच माहीत. दंडारीच्या खेळाची ढोलकी मला ऐकू येत नाही, पण जवळ बसलं की छातीला लागते. मला तेवढी पुरते.

शेजारचा योगेंद्र म्हणतो, काका, मोबाईलवर लिहा, पोरीला लगेच पोचते. तीस वर्षं वरठीच्या कारखान्यात नट आवळायचे पाने फिरवून माझी बोटं अशी जाड झाली आहेत की एका दाबात तीन अक्षरं उमटतात. कान कारखान्यात ठेवून आलो, अक्षर तेवढं परत आणलं. तेव्हा पोस्टच बरं.

मोटार चालू-बंद करणारी तुझी पेटी टिकारामजींच्या राईस मिलमध्ये झकास चालू आहे. हिरवा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो. लाईन गेली तरी तुझी छोटी बॅटरी तिला जागी ठेवते. टिकारामजी आल्यागेल्याला दाखवतात, धनीरामच्या पोरीनं बनवली म्हणून. आणि डोमा, तुला खांद्यावर बसवून तलावाच्या पाळीवर फिरवायचा तोच, तर पेटीला रोज फडक्याने पुसतो. धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या पट्ट्याजवळ त्याचीच जागा आहे. नवं लाल बटन अगदी हाताशी आलं म्हणून तो खूश आहे.

एक शंका आहे. हे बटन दाबलं की खबर आधी तुझ्या पेटीला जाते आणि मग पेटी मोटार बंद करते. आमच्याकडे थांबवायच्या बटनाची वायर थेट मोटारचा करंट तोडायची, मध्ये कोणी नसायचं. तू शिकलेली आहेस, काही कारण असेलच. तरी विचारून ठेवतो.

दुसरं म्हणजे लॅपटॉप जोडायची ती राखाडी चपटी वायर तू पेटीतच लावून गेलीस. हातभर लोंबकळत होती. लोंबकळणारी वायर दिसली की माझा हात शिवशिवतो. ती मोटारच्या जाड केबलला लावून, प्लास्टिकचे तीन टाय मारून पक्की बांधून टाकली. खाली चित्र काढलं आहे, बघ.

तुझा,
बाबा


पुणे
३ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबा,

पत्र मिळालं. ऑफिसात माझ्या टेबलावर पोस्टाचं पाकीट पाहून सगळे गोळा झाले. खुशबू, माझ्या शेजारी बसते ती, म्हणाली की तिने पत्र फक्त सिनेमात पाहिलं आहे.

तुमच्या शंकेचं उत्तर. पेटीतला प्रोसेसर म्हणजे एक कामकरी समजा. तो त्याचं नेहमीचं काम करत असतो, पोती मोज, मोटारचे तास लिही. बटन दाबलं की त्याला हाक जाते, हातातलं सोड आणि आधी हे बघ. या हाकेला आम्ही इंटरप्ट म्हणतो. ती गेली की डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी तो मोटार बंद करतो. तुमच्या कारखान्यातला तो खटका हलायलासुद्धा त्याहून जास्त वेळ घेत असेल! शिवाय मोटार कोणी, केव्हा थांबवली हेही कळतं, थेट वायर लावली तर ते कळणार नाही. काळ बदलला बाबा, तुम्ही काळजी सोडा.

वायर बांधलीत ते छान केलंत. चित्र तर भिंतीवर लावण्यासारखं आहे. लावलंच आहे.

तांदूळ पाठवू नका, मागचा अजून उरलाय.

तुमची,
मेघा


एकोडी
१४ जानेवारी २०२५

चि. मेघा,

योगेंद्रने फोनवर तुला सांगितलं आहे. तरी लिहितो, कारण त्याचं ऐकीव आहे आणि मी तिथे होतो.

शनिवारी तीनच्या सुमारास डोमाचा उजवा हात एलिव्हेटरच्या पट्ट्यात गेला. पट्टा बाजूला सरकला होता. तसा सरकला की चालू मशीनवरच काठीने जागेवर सारायचा, ही मिलमधली जुनी सवय. पट्ट्याने काठी ओढली, काठीमागे हात. मिलमधला जीवन पलीकडे कोंड्याची पोती भरत होता. त्याने धावत जाऊन भिंतीवरचा जुना मेन स्विच ओढला तेव्हा मोटार थांबली. नागपूरला नेलं. कोपराच्या वरून हात काढला.

मी दहा पावलांवर ओट्यावर चहा पीत होतो, पाठ त्यांच्याकडे. मला काही ऐकू आलं नाही. समोर बसलेल्या माणसाचं तोंड एकदम उघडं पडलं म्हणून मी वळून पाहिलं.

गाडी येईपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ हलताना दिसले म्हणून डावा कान त्याच्या तोंडाला लावला. त्या कानात अजून थोडं येतं. तो एकच गोष्ट म्हणत होता, "भाऊ, मी बटन दाबलो होतो जी. डाव्या हातानं दाबलो होतो. दोनदा."

टिकारामजी म्हणतात, दाबलं असतं तर मशीन थांबली असती. अपघाताच्या चार दिवस आधी त्यांनी स्वतः दाबून पाहिलं होतं, चटकन थांबली होती. ते खोटं बोलत नाहीत, मीही तिथे होतो.

पेटीचा हिरवा दिवा आता लुकलुकत नाही. एकसारखा पेटून आहे. मी कशालाही हात लावलेला नाही. काय झालं असेल?

संक्रांत कोणीच केली नाही. बेबीबाई डोमाजवळ नागपूरला आहे, दोघा नवराबायकोच्या घराला कुलूप आहे.

बाबा


पुणे
२० जानेवारी २०२५

बाबा,

जेवण जात नाही. डोमाकाकांचा तोच हात ना, ज्यावर माझं नाव गोंदून घेईन म्हणून ते मला चिडवायचे.

योगेंद्रकडून निरोप दिला आहे, तरी इथे नीट लिहिते, कारण एक चूक झाली तर सगळं जाईल. पेटीची बॅटरी काढू नका. पेटी बॅटरीसकट घरी आणा आणि बॅटरीला चार्जर लावून ठेवा. एका क्षणासाठीही वीज जाऊ देऊ नका.

कारण असं आहे. दिवा एकसारखा पेटून आहे म्हणजे पेटी मेलेली नाही. आतला कामकरी जागच्या जागी थांबला आहे. कशामुळे थांबला ते मला अजून कळलेलं नाही. थांबलेल्याला कितीही हाका मारा, तो बघत नाही. पण हाक आली होती याची खूण आत उमटते आणि तशीच राहते. डोमाकाकांनी बटन दाबलं असेल तर त्यांची ती हाक अजून आत उभी आहे. वीज आहे तोवर ती पुसली जाणार नाही, वर्षभरसुद्धा. वीज गेली की संपलं.

मी माझा लॅपटॉप जोडला की दोन मिनिटांत ती दिसेल. मग टिकारामजी काय आणि चौकशीचे साहेब काय, सगळ्यांना पडद्यावर दाखवता येईल. पुढच्या शनिवारी-रविवारी येते. काकांना सांगा, मी येतेय.

मेघा


एकोडी
२९ जानेवारी २०२५

चि. मेघा,

पेटी घरी आणली. तुझ्या आईच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली आहे. चार्जर लावला आहे, बॅटरी सकाळ-संध्याकाळ मीटरने तपासतो, आकडा भिंतीवर खडूने लिहितो. कारखान्यात असताना इतकी जिवापाड कुठल्या मशीनची राखण केली नव्हती.

या शनिवारी वाट पाहिली. योगेंद्र साकोलीच्या स्टँडवर दोन गाड्या बघून आला. काही अडचण आली असेल.

डोमाला सोमवारी घरी आणलं. अंगात ताप आहे, बोलणं मात्र स्वच्छ. भंडाऱ्याहून चौकशीचे साहेब येऊन गेले. टिकारामजींच्या सांगण्यावरून त्यांनी लिहून घेतलं की बटन चालू स्थितीत होतं, कामगाराने ते दाबल्याचा पुरावा नाही. एवढ्यावरून गावात काय निघालं असेल? डोमा प्यायलेला होता. मोहाची मारून आला होता. कोणी म्हणतं वास येत होता, कोणी म्हणतं डोळे लाल होते. अरे, कोंड्याच्या धुळीत कोणाचे डोळे पांढरे राहतात?

तुला माहीत आहे, तो नऊ वर्षांपूर्वी मार्गात आला, दारू सोडल्याशिवाय त्या पंथात घेतच नाहीत, आणि तेव्हापासून थेंब नाही. त्या आधीचा डोमा तू लहानपणी पाहिला आहेस. बेबीबाईच्या माहेरची माणसं तिला न्यायला आली होती ते दिवसही आठवत असतील. हात गेल्याचं तो फारसं बोलत नाही. काल माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, "हात गेला तं गेला भाऊ. पन हे नऊ सालं काहून घेऊन रायले माह्याकडून?"

मी त्याला पेटीबद्दल सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, "मंजे मी दाबलो, थे अजून आत हाये?" मी हो म्हटलं.

लवकर ये.

बाबा


पुणे
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबा,

येता आलं नाही. ऑफिसात मोठं काम ऐन अंगावर आलं आहे, माल ग्राहकाकडे जायचा आहे, साहेब रजेचं नाव काढू देत नाहीत. खुशबूला विचारा हवं तर. तुम्ही कसं विचारणार म्हणा.

पेटी तूर्त तशीच ठेवा. कोणालाही उघडू देऊ नका, तुम्हीही उघडू नका.

तुमचं नोव्हेंबरचं पत्र परत वाचत होते. चित्रही भिंतीवरून काढून पुन्हा नीट पाहिलं. एक विचारायचं होतं. त्या राखाडी वायरबद्दल तुम्ही कोणाशी बोललात का? चौकशीच्या साहेबांशी किंवा टिकारामजींशी? काही विशेष नाही, सहज विचारते आहे. कोणी विचारलं तर सांगा की जे काही लावलं ते मेघाने लावलं, तुम्हाला त्यातलं काही माहीत नाही.

काकांचा ताप उतरला का? बेबीकाकूंना नमस्कार.

तुमची,
मेघा


एकोडी
२१ फेब्रुवारी २०२५

चि. मेघा,

परवा सकाळी दहाला लाईन गेली ती पाचपर्यंत आली नाही. बॅटरी बसायला लागली. योगेंद्रच्या मोटारसायकलची बॅटरी काढून आणली आणि आधीची न सोडवता तिच्या जोडीला लावली. डोमा समोर बसून दिव्याकडे बघत होता, आणि मी एक टोक पकडलं की दुसरं टोक तो डाव्या हाताने धरत होता. दिवा हलला नाही. आम्ही दोघांनी मग चहा केला.

तो आता रोज येतो. दहाच्या सुमारास येतो, फळीसमोर पाटावर बसतो, जेवणाच्या वेळी जातो. मिलमध्ये कोणी बोलावत नाही, मार्गातल्या सेवकांच्या बैठकीला त्याने स्वतःच जाणं सोडलं. ते बिचारे काही बोलले नाहीत, पण एकाने त्याच्या तोंडाजवळ येऊन श्वास घेतला म्हणे. इथे माझ्याकडे कोणी काही विचारत नाही. मी बहिरा, त्याला बोलायचं नसतं, आमचं बरं जमतं.

आज जाताना एवढंच म्हणाला, "पोरगी कवा येते? तिले काम असंल. मी थांबतो."

मेघा, काम प्रत्येकाला असतं. तू साहेबांना खरं सांग, माणसाचा प्रश्न आहे म्हणून सांग. मलाही तुला एक सांगायचं आहे. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, समोर बसून सांगायचं आहे. आलीस की सांगेन.

बाबा


पुणे
४ मार्च २०२५

तीर्थरूप बाबा,

खूप विचार केला आणि इथल्या जाणकारांनाही विचारलं. इतके दिवस उलटल्यावर पेटीतली ती खूण राहिलेली नसणार. चिपची क्षमता मर्यादित असते, मी जानेवारीत घाईत चुकीचं लिहिलं. आता लॅपटॉप जोडूनही काही निघणार नाही. तुम्ही या वयात दिवसातून दोनदा मीटर घेऊन बसता, लाईन गेली की धावपळ करता, ते मला बघवत नाही.

बॅटरी काढून टाका. पेटी एका पिशवीत घालून ठेवा, मी कधी आले की घेऊन जाईन. ती राखाडी वायर चुलीत घातलीत तरी चालेल.

काकांना सांगा, मेघाला माफ करा, काही निघालं नाही. त्यांच्यासाठी मी दुसरं काहीतरी करेन. कृत्रिम हाताची चौकशी करते आहे.

मेघा


एकोडी
१३ मार्च २०२५

चि. मेघा,

तुझं पत्र आलं तेव्हा डोमा पाटावर बसलेला होता. त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "मंजे आता काई नाई त्याच्यात?" मी म्हटलं, मेघा म्हणते नाही. म्हणाला, "पोरगी म्हनते तं नसंल."

मी बॅटरीची वायर काढली. दिवा लगेच नाही गेला. आधी फिका झाला आणि मग गेला. डोमा थोडा वेळ बसला आणि जेवणाच्या आधीच उठून गेला.

दुसऱ्या दिवशी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. जानेवारीच्या पत्रात तू लिहिलं होतंस, वीज आहे तोवर खूण पुसली जाणार नाही, वर्षभरसुद्धा. "वर्षभर" या शब्दाखाली मी त्याच वेळी रेघ मारून ठेवली होती, डोमाला दाखवायला. वीज एक क्षणही गेली नव्हती. आकडे भिंतीवर आहेत. तुझ्या हातची दोन पत्रं माझ्यासमोर आहेत आणि दोन्ही खरी असू शकत नाहीत.

मी बहिरा झालो असेन, पण तीस वर्षं मशीनमध्येच काढली आहेत. आता माझं ऐक. जानेवारीत मी लिहिलं की कशाला हात लावला नाही. ते खोटं होतं. डोमाला गाडीत घातल्यावर मी पेटीजवळ गेलो, दिवा पाहिला, मग मोटारच्या केबलला बांधलेली तुझी वायर पाहिली. मोटार चालू होताना जाड केबल शेजारच्या बारीक वायरीत झटका टाकते, हे मी शिकाऊ पोरांना शिकवलेलं आहे. मीच शिकवलं आणि मीच बांधलं. फक्त नीटनेटकं दिसावं म्हणून. ते तीन टाय मी खिशातल्या चाकूने कापले आणि घरी आणले. अजून माझ्याकडे आहेत.

समोर बसून सांगायचं होतं ते हेच. तू येशील, पेटीतून सगळं निघेल, डोमाचं खरं आणि माझंही, या हिशोबाने मी दिवा राखत बसलो होतो. डोमाला मी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. त्याच्यासमोर टाय ठेवले. तो काय म्हणाला माहीत आहे? "तुमी बांधलात का पोरीनं ठेवली, त्याचं मले काय करा लागते भाऊ? मी दाबलो होतो, येवढं निघालं पायजे. बस."

तू कोणाला वाचवत होतीस? मला? मला वाचवायला सांगितलं कोणी होतं?

कोणतं पत्र खरं ते कळव.

बाबा


पुणे
१९ मार्च २०२५

बाबा,

पहिलं खरं.

वीस जानेवारीचं पत्र पोस्टात टाकून आले आणि तिकीट काढायला बसले, तेव्हा भिंतीवर तुमचं चित्र होतं. तीन टाय तुम्ही तीन स्वच्छ रेघांनी दाखवले होते. मी दीड महिना त्या चित्राखाली चहा पीत होते आणि मला काही दिसलं नव्हतं. उलट मीच लिहिलं होतं, छान केलंत म्हणून. शंका तुम्ही विचारली होती, थेट वायर का नाही, आणि मी तुम्हाला काळ बदलला म्हणून सांगितलं.

ती राखाडी वायर तपासणीची. तिच्यातून कामकऱ्याला एकच हुकूम जातो, असशील तिथे थांब आणि मी सांगेपर्यंत हलू नकोस. मोटारच्या केबलने तिच्यात झटका टाकला आणि त्याला वाटलं, हुकूम आला. तो थांबला. त्यानंतर काकांनी हाक मारली. त्यांनी दोनदा दाबलं म्हणतात, दहादा दाबलं असतं तरी तेच झालं असतं. कामकरी असा अडकला तर त्याला हलवून उठवणारा एक राखणदार आत असतो. घरी टेबलावर काम करताना तो मला मध्येच त्रास द्यायचा, म्हणून तपासणी चालू असताना त्याने गप्प बसायचं असं मी ठरवून दिलं होतं. पेटी गावाला आणताना तेवढं बदलायचं राहिलं. आणि वायर तर मी लावून ठेवूनच गेले, पुन्हा आले की सोपं पडेल म्हणून. तुम्ही बांधलंत ते शेवटचं. त्याच्या आधीचं सगळं माझं आहे.

पेटी वाचली असती तर दोन गोष्टी निघाल्या असत्या. काकांनी बटन दाबलं होतं, आणि कामकऱ्याला राखाडी वायरीतून थांबवलं गेलं होतं. दुसरी निघाली की साहेब विचारणार, वायर इथे कोणी बांधली. तुम्हाला या वयात त्या खुर्चीसमोर उभं राहावं लागणार, गावात तुमच्याकडे बोट दाखवणार, हेच डोळ्यांपुढे यायचं. निदान मी स्वतःला तसं सांगत होते. खरं म्हणजे तुमच्या पाठोपाठ माझंही नाव येणार होतं, आणि त्याचीही मला भीती वाटत होती.

काकांची हाक दोन महिने आत उभी होती. ती मी तुमच्या हातून पुसायला लावली. तुम्ही माझं ऐकलंत, नेहमी ऐकता, म्हणून.

सोबत सहीचा कागद आहे. त्यात सगळं लिहिलं आहे, वायर, राखणदार, दिवा, आणि बॅटरी मी काढायला लावली तेही. टिकारामजींना आणि भंडाऱ्याच्या कार्यालयाला एकेक प्रत रजिस्टरने पाठवली आहे. ते बोलावतील त्या दिवशी येईन. ही प्रत काकांना वाचून दाखवा.

त्यांच्यासमोर यायचं धैर्य अजून होत नाही.

मेघा


एकोडी
६ एप्रिल २०२५

चि. मेघा,

तुझा कागद पोचला. पाच दिवस मी तुला लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. राग होता. अजून आहे, पण आता लिहितो.

टिकारामजींनी ओट्यावर चार माणसांत तुझा कागद वाचला. वाईट काही बोलले नाहीत. म्हणाले, पोरगी चांगल्या मनाची आहे, बापाच्या दोस्ताला वाचवायला स्वतःवर घेते. मी ओरडलो, नाही, हे खरं आहे. तीन टाय काढून त्यांच्यासमोर ठेवले. ते म्हणाले, "धनीरामजी, कापलेले टाय मिलमध्ये ढीगभर पडून राह्यतेत. पेटीत काय निघालं, थे दाखवा." मी काय दाखवणार?

भंडाऱ्यालाही गेलो. योगेंद्र सोबत होता, साहेबांचं बोलणं तो मला लिहून दाखवत होता. साहेबांनी विचारलं, नोंद कुठे आहे? योगेंद्रने सांगितलं, होती, पुसली गेली. कोणी पुसली? मी म्हटलं, मी. साहेबांनी तुझा कागद फाईलला लावला आणि म्हणाले, मुलीचं म्हणणं म्हणून ठेवून घेतो, पुरावा म्हणून नाही. जुना अहवाल आहे तसाच आहे.

मिलमध्ये टिकारामजींनी आता लाल बटनाची वायर थेट मोटारला नेली आहे. मी नेऊन दिली.

डोमा येणं बंद झालं होतं. काल मीच त्याच्या घरी गेलो. बेबीबाईने पाट दिला. तुझा कागद वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. "डोमाजी यांनी बटन दाबलं होतं" ही ओळ त्याने तीनदा वाचायला लावली. टिकारामजी काय म्हणाले आणि साहेब काय म्हणाले, तेही सांगितलं. लपवायचं आता काय राहिलं?

त्याने माझ्या डाव्या कानाला तोंड लावलं. मी तुला जसंच्या तसं लिहितो.

"मंजे पोरगी खरं सांगून रायली आन् कोनी मानत नाई?"

मी म्हटलं, नाही मानत.

"तिले लिवा भाऊ, डोमा मानते. आन् लिवा का, मले मालूम हाये कसं वाटते थे."

लिहिलं.

बाबा